तांबोशीचं डोकं

भिकाजीने तांबोशी जयरामपुढे धरली. धक्क्यावरचा रिवाजच तसा: ज्याच्या गळाला काही लागलं नाही, त्याला शेजाऱ्याने एक मासा द्यायचा. जयराम तर नेहमीच रिकाम्या हाताने उठायचा, आणि मासा घेताना न चुकता बजावायचा, "डोक्यासकट दे हां! डोकं आमच्या हिचं."

आज तो पंधरा दिवसांनी आला होता. "डोकं तू ने," तो म्हणाला. "मला नुसते तुकडे दे."

भिकाजीने सुरी चालवता चालवता चेष्टेने विचारलं, "का रे? वहिनी माहेरी गेल्या वाटतं?"

जयराम गळाची दोरी गुंडाळत राहिला. "काल तेरावं झालं तिचं."

भिकाजीने तुकडे त्याच्या पिशवीत घातले. डोकं कुणीच नेलं नाही.