फक्कीच्या रेघा

आटपाडीजवळ काळविटांसाठी राखलेल्या माळावर शिवांजलीनं पर्यटक केंद्राची आखणी केली. मातीच्या भिंती, गवताचं छप्पर. सध्या मात्र नुसत्या पांढऱ्या फक्कीच्या रेघा. कळपाची वाट अडली तर परवानगी मिळणार नव्हती, म्हणून ती मधल्या खोलीतच बसून बघत राहिली.

कळप आला. रेघेपाशी थबकला आणि निमूटपणे बाजूनं वळसा घालून गेला. एका नरानं जाताजाता कोपऱ्यावर शिंगं घासली, म्हणजे हवेवर. माती भुरभुरली.

"आवं म्याडम," पलीकडून मेंढरं राखणारा कोंडीबा ओरडला, "झकास झालंय! पर दार कुठं ठिवलंय?"

शिवांजलीला हसू आलं. आखताना दार सोडायचं राहूनच गेलं होतं.

"थांबा मामा, आले बाहेर!"

कोंडीबानं कानामागं हात धरला. "मोठ्यानं बोला की! भिंतीआडनं काय बी आयकू येत न्हाई."