भट्टीवरचा लाल दिवा

दाराच्या चौकटीवर काजलनं काडेपेटीएवढा डबा ठोकला, तिथून वायर ओढून भट्टीमागच्या भिंतीवर लाल दिवा बसवला, तेव्हाच रूपरावांच्या मनात पाल चुकचुकली.

सून आयटीआय शिकलेली. जुन्या रेडिओंचं पोट फाडून काहीबाही जोडत बसायची. बसेना का. पण ही हौस सासऱ्याच्या लोहारकामाच्या दुकानात काऊन?

"काय होय हे?"

काजल पुढ्यात येऊन उभी राहिली. "लाईन आली-गेली समजते, मामाजी." एकेक शब्द चावून बोलली, तान्ह्या लेकराशी बोलावं तशी. रूपरावांना त्याचाही राग आला.

हल्ली सगळ्यांचंच काहीतरी बिनसलं होतं. हिंगणघाटचा ताराचंद शेठ मुकं लोखंड पाठवत होता. वखराची पास, म्हणजे पातं, घडवली की बोटावर टांगून ठोका द्यायचा. खणखणली तर चांगली, नाहीतर आत चीर. वर्षभरात एक धड खणखणली नव्हती. जुनं गिऱ्हाईक मधुकरराव, त्यांचा आवाज एकेकाळी अल्लीपूरच्या वेशीपर्यंत जायचा, तेही आता पुटपुटत. आणि घरात मुलगा सचिन नि काजलची सदा कुजबुज. ओठ हलताना दिसत, शब्द एक नाही.

एकदा मात्र सचिन तोंडावरच म्हणाला होता, "गिऱ्हाईक तुटलं ना बाबा, तर दुकान बंद करू." चाळीस वर्षांची भट्टी विझवायची म्हणे! त्या दिवसापासून रूपरावांना घास गोड लागत नव्हता.

त्यात या दिव्याची गंमत अशी, की तो लुकलुकला नि मागं वळून पाहिलं, तर दारात कोणीतरी उभंच. लाईनचा नि गिऱ्हाइकाचा काय संबंध? रूपरावांनी ओळखलं. डबा माणसं मोजत होता. आकडा कमी भरला की नवराबायको कुलूप आणणार.

सोमवारी काजल केळझरला गणपतीच्या दर्शनाला गेली. रूपरावांनी वायर उपटून टाकली.

"मोज आता," ते डब्याला म्हणाले, आणि नेहमीसारखे रस्त्याकडे पाठ करून ऐरणीपाशी बसले.

लोहाराचा हात चालू असताना त्याच्या मागून जवळ जायचं नाही, दारातूनच हाक मारायची, ही गावाची रीत. पण आज हाक मारायला कुत्रं फिरकलं नाही. दुपार कलली. हातोडीचा ठोका मनगटात बसत होता, तेवढीच सोबत. पेरणीचे दिवस नि दुकान ओस! दुकान बंद होणार म्हणून सुनेनंच गावभर सांगितलं असणार.

कोळसा घ्यायला ते उठले, वळले.

रस्त्यानं दोघं जण खांद्यावर पास घेऊन परत चालले होते. दारात मधुकरराव उभे होते, लालबुंद, तोंड वासलेलं, टिनाच्या दारावर दोन्ही मुठी आपटत. दार थरथरत होतं.

आवाज काही येत नव्हता.