अर्धं पान

घड्याळजी आतल्या खोलीतून घाईघाईनं बाहेर आला. "काय झालं?"

"पुन्हा अर्ध्यावर," टेलिफोनचा लाइनवाला म्हणाला. फॅक्स मशीननं निम्मं पान गिळलं होतं आणि निम्मं बाहेर लोंबत होतं. ही तिसरी वेळ.

घड्याळजीनं मनगटावर पाहिलं. दोन वाजून पाच मिनिटं. भिंतीवर नऊ घड्याळं होती, पण ती दुरुस्तीला आलेली, त्यांच्यावर भरवसा नव्हता.

"अडीचच्या आत कागद पोचला पाहिजे. नाहीतर तिच्या ऑपरेशनची वेळ दुसऱ्याला देतील. मग अकरा दिवस नंबर नाही. तिला तेवढी सवड नाही."

"चौथ्यांदा सांगताय, भाऊजी," मेहुणी म्हणाली. "त्यांना बहिरं समजू नका."

बायको परगावच्या मोठ्या दवाखान्यात होती. आठ वर्षांपूर्वी भूल देताना तिचा श्वास थांबला होता. कोणत्या औषधानं, ते या एका कागदावर लिहिलेलं होतं, खाली सही आणि शिक्का. कागद पाहिल्याशिवाय भुलीचे डॉक्टर तिला हात लावणार नव्हते. मोबाईलवरचा फोटो दवाखाना घेत नव्हता. फॅक्सच हवा, तिथला नियमच तसा. कागद शोधायलाच घड्याळजी काल एवढ्या लांबून परत आला होता.

"फोनवर बोलता येतं ना नीट? मग यालाच काय धाड भरली?" घड्याळजीनं विचारलं.

लाइनवाला केस पिकलेला माणूस होता. दोन आठवड्यांपूर्वी त्यानंच जुनी तार काढून इंटरनेटची डबी बसवली होती. "काका, इंटरनेटवर आवाज तुकड्या-तुकड्यांनी जातो. एखादा तुकडा वाटेत गळतो. माणूस बोलत असला तर आपण समजून घेतो. मशीन कुठलं समजून घेतंय? वेग कमी करून बघतो."

त्यानं बटणं दाबली, कागद पुन्हा लावला. मशीननं शीळ घातली. पलीकडून दुसऱ्या मशीनची शीळ आली. कागद इंचभर आत सरकला.

घड्याळजीला उभं राहवेना. त्यानं काउंटरवरचा चिमटा उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. मग पडदा सारून आत गेला. पलंगाशेजारी त्याच लाइनवरचा दुसरा फोन होता. बिघडलेली वस्तू आधी कानाला लावायची, मग उघडायची, हे त्यानं चाळीस वर्षं केलं होतं. त्यानं रिसीव्हर हलकेच उचलला. आत खरखर चालू होती, बारीक, एकसारखी. चालू आहे म्हणजे जातंय. त्यानं श्वास रोखून धरला.

खरखर तुटली.

"अडकलं!" बाहेरून आवाज आला.

दोन वाजून तेरा मिनिटं. वेग आणखी उतरवला. कागद लावला. घड्याळजी पुन्हा आत गेला.

या वेळी लाइनवाला मशीनकडे बघत नव्हता, डबीवरच्या दिव्याकडे बघत होता. "मावशी, या लाइनवर आणखी कुठं फोन आहे का?"

"आत आहे एक."

"आत कोण आहे?"

मेहुणीनं पडदा ओढला. घड्याळजी पलंगाच्या कडेवर बसला होता. रिसीव्हर कानाला घट्ट लावलेला, दुसऱ्या हाताचा पंजा रिसीव्हरच्या बोलायच्या टोकावर, आपला श्वास आत जाऊ नये म्हणून.

"मी बोललो नाही काही," तो म्हणाला. "नुसतं ऐकत होतो."

"काका, तुम्ही उचलला की तिकडचं तुटतं. दर वेळी उचललात?"

"दर वेळी."

मेहुणीनं कपाळावर हात मारला. "तुम्हाला दवाखान्यात बसवायला हवं होतं आणि ताईला इथं! तिनं एव्हाना पाठवून, भांडी घासून, वर झोप काढली असती." तिनं भिंतीतून फोनची वायरच उपटली. त्याला बाहेर आणून स्टुलावर बसवलं.

"हात मांडीखाली घ्या," लाइनवाला म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता.

घड्याळजीनं हात मांडीखाली घेतले. मशीननं शीळ घातली. कागद एकेक ओळ आत जाऊ लागला. पानाचा मध्य आला. आतापर्यंत इथंच अडकलं होतं. पुढची ओळ गेली. त्याचा गुडघा हलायला लागला, स्टुलाचा पाय फरशीवर वाजायला लागला. मेहुणीनं स्टुलाच्या दांडीवर पाय दाबून धरला. शिक्का आत गेला. सही आत गेली. मशीननं छोटी घंटा वाजवली.

"पोचलं," लाइनवाला म्हणाला. दोन वाजून सत्तावीस मिनिटं.

"मशीन काहीही सांगेल." घड्याळजीनं मशीनचाच रिसीव्हर उचलला आणि दवाखान्याचा नंबर फिरवला.

सिस्टरनं फोन घेतला. "हो, आलाय. वरच्या दोन ओळी फिसकटल्यात, पण औषधाचं नाव स्वच्छ आहे. डॉक्टरांनी वाचलं. आत्ताच आत घेतायत त्यांना. एक मिनिट हं, दार धरते."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग चाकं. एक चाक कुरकुरत होतं. कुणीतरी म्हणालं, पाय सांभाळा. दार उघडलं, मिटलं. चाकं लांब गेली, मग नाहीशी झाली. कुणी खोकलं. खुर्ची सरकली. सिस्टर परत आली नाही.

लाइनवाल्यानं पकड, वायरी पिशवीत भरल्या. "झालं ना, भाऊजी?" मेहुणी म्हणाली. "ठेवा आता."

घड्याळजीनं तिच्याकडे न बघता एक बोट वर केलं, गप्प राहा म्हणून. तिकडच्या खोलीत कुणीतरी पंखा लावला, आणि तो तेही ऐकत राहिला.