तीन थेंब

“सकाळी तीन थेंब, संध्याकाळी तीन,” डॉक्टर म्हणाला. “हृदयाचं औषध आहे. चुकवू नका, वाढवू नका. एका वेळेला तिनाचे सहा झाले की ते औषध नाही, विष.”

“मी शाळेची पायरी चढले नाही,” थोरली म्हणाली, “पण तिनापर्यंत येतं मला मोजता. पाच पोरं वाढवली, ताटावर एकही मोजायचं राहिलं नाही.”

ठमी टेबलावर निपचित पडली होती. तिची कूस भात्यासारखी हलत होती. डॉक्टरनं तिचा पुढचा पाय उचलून पाहिला. तिथले बटणाएवढ्या जागेतले केस साफ गेले होते.

“हे कुणी केलं? आधी कुठं दाखवलंय का हिला?”

“दाखवणार कोण? मांजर माझी. आणि ते केस माझ्या धाकट्या जावेनं कापलेत. शिवणकाम करते ना! गिऱ्हाइकांची कापडं कापून हौस फिटत नाही, आता मुक्या जिवावर कात्री चालवते. तोंड उघडायला लावू नका मला.”

तोंड बऱ्यापैकी उघडलेलंच होतं. डॉक्टरनं पुढं काही विचारलं नाही.

“उलटी झाली तर लगेच आणा,” तो म्हणाला. “पण सकाळीच या. संध्याकाळी दुसऱ्या डॉक्टरीणबाई बसतात.”

औषधाची किंमत ऐकून थोरलीच्या कानांत दडे बसले. मग तिनं कानांतलंच काढलं. सोनाराला म्हणाली, “वय झालं, कान ओघळले. वजन सोसवत नाही.” सोनार जुना होता, हसला नाही. संध्याकाळी निळ्या झाकणाची इवलीशी बाटली घरात आली.

घर म्हणजे अर्धं घर. दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा अंगणात भिंत उभी राहिली. पुढं भाऊ गेले, भिंत राहिली. सासूच्या पत्र्याच्या पेटीवरून दोघी जावा अशा भांडल्या की शेजाऱ्यांनी चुली विझवून ऐकलं. पेटी उघडली तर आत दोन फाटक्या गोधड्या.

“मी मेले तरी दारात येऊ नकोस,” थोरली म्हणाली होती.

“यायला सवड कुणाला आहे?” धाकटी म्हणाली होती.

त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून बोलणं नाही. बोलायचंच झालं तर मांजरीला बोलायचं आणि भिंतीला ऐकवायचं.

ठमी चार वर्षांपूर्वी याच भिंतीच्या तळाशी असलेल्या पाणी जायच्या भोकातून आली होती. दूध पिऊन त्याच भोकातून पलीकडं जाई, तासा-दोन तासांनी परत. “पलीकडं उंदरांना काय तोटा?” थोरली म्हणे. “जशी मालकीण तसं घर.” बशीभर दुधावर मांजर उशीसारखी फुगली होती. थोरलीला वाटे, आपल्या हाताचा गुण.

आता त्याच हातानं ती दुधात थेंब सोडू लागली. एक. दोन. तीन. बाटली लगेच बंद. ठमी बशी चाटून पुसून, रखडत भोकाकडं जाई. दोन दिवसांत तिचा श्वास जरा संथ झाला. थोरलीला उधाण आलं.

“ठमे, ऐकलंस का गं?” ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली. “पलीकडचं शिलाई मशीन आठ दिवस मुकं आहे. गिऱ्हाइकं पळाली वाटतं. बरं झालं, माझ्या कानांना सुख!”

एरवी भिंतीपलीकडून एखादं भांडं तरी आदळायचं. या वेळी काहीच आलं नाही.

चौथ्या दिवशी ठमीला उलटी झाली. पाचव्या दिवशी दोनदा. थोरलीनं लगेच शालीत गुंडाळायला घेतली आणि हात थांबला. फी कुठून द्यायची? कान रिकामे होते. लेकाचे पैसे यायला आठवडा होता. हात पसरणं तिच्या रक्तात नव्हतं.

“दूध नासकं असेल,” ती स्वतःलाच म्हणाली. औषध पोटात टिकत नाही, तर एखादा थेंब जास्त द्यावा का, असंही मनात आलं. बाटली हातात घेऊन ती बराच वेळ बसली. पण चौथा थेंब दिला नाही. डॉक्टरचा शब्द म्हणजे शब्द.

सहाव्या दिवशी दुपारभर ती ठमीला मांडीवर घेऊन बसली होती. “मरायचा मान माझा आहे गं, तू कुठं मधे घुसतेस?” असं म्हणता म्हणता तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा उजाडलं होतं. मांडी रिकामी. संध्याकाळचे तीन थेंब बाटलीतच.

ठमी भिंतीच्या भोकात सापडली. शेपटी अलीकडं, डोकं पलीकडं. अंग गार.

थोरली मटकन खाली बसली. शेपटीवर हात ठेवला आणि दचकली. मांजर हलत होती. पण श्वासानं नाही. पलीकडून कुणीतरी तिचं डोकं कुरवाळत होतं.

नऊ वर्षं तोंडात धरलेली गुळणी सुटली.

“माझ्यामुळं गेली गं,” थोरली भोकाशी वाकून म्हणाली. “कानातलं मोडून औषध आणलं होतं. एकही वेळ चुकवली नाही. काल संध्याकाळी डोळा लागला मेला, आणि तेवढी एकच वेळ चुकली.”

पलीकडचा हात थांबला. पावलं घरात जाऊन परत आली, आणि मांजरीच्या अंगाशेजारून तो हात अलीकडं आला. सुईनं टोचलेली बोटं, आणि बोटांत निळ्या झाकणाची इवलीशी बाटली.

“माझी नाही चुकली, ताई,” धाकटी रडत म्हणाली. “मशीन विकलं, पण एकही वेळ चुकू दिली नाही. सकाळी तीन, संध्याकाळी तीन.”