टोरीचं तेल

“मोरीपाशी पाणी कोणी सांडलं होतं?” प्रफुलने चौथ्यांदा विचारलं. गडचिरोलीच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या सगळ्यांनी वळून त्याच्या बायकोकडे पाहिलं.

“मीच भांडे घासले होते,” स्वाती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. स्ट्रेचरवर तिची सासू सीताबाई डोळे मिटून पडली होती. वर्षापूर्वी तिच्या खुब्याचा सांधा बदलला होता. आज सकाळी नेमका तोच पाय मोरीत घसरला.

“चांगली चालत होती माय,” प्रफुल म्हणाला. “तू बसवलं तिले जागेवर.”

घरात काहीही सांडो, नाव सुनेचंच निघतं. पण आज स्वातीने स्वतःलाही माफ केलं नव्हतं. दीड महिन्यापासून सासूची मांडी दुखत होती. हवा धरली असेल म्हणून स्वाती रोज संध्याकाळी टोरीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या, तेलाने पाय जोर लावून चोळायची. सासू पदर दातात धरून सोसायची. तेल प्रफुल स्वतः गरम करून आणून द्यायचा. असा नवरा शोधून सापडायचा नाही, असं ती शेजारच्या रिनाला सांगत असे. एवढं सगळं करून शेवटी पाणी मात्र तिच्याच हातून सांडलं.

नंबर लागला. स्ट्रेचर आत नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला.

“सांधा शाबूत आहे. त्याची दांडी ज्या हाडात बसवलीय, ते हाड मोडलंय. पण इथे बघा, नवं हाड धरायला लागलंय. म्हणजे चीर दीड महिन्याची जुनी आहे, आज ती पुरती उघडली. तेव्हाच आणलं असतं, तर कदाचित ऑपरेशन टळलं असतं. आधी कुठे पडल्या होत्या का?”

“नाई,” प्रफुल लगेच म्हणाला.

“मग दुखत होतं तेव्हा काय केलं?”

“मी चोळून देत होती,” स्वाती म्हणाली. “रोज.”

डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले. सीताबाईने डोळे उघडले.

“तिले नका बोलू, साहेब. आरमोरीले साक्षगंधाले जाताना मी मोटरसायकलवरून पडली होती. स्वाती म्हणे आटोनं न्या, यानं ऐकलं नाई. मंग हाच मले म्हणे, घरी सांगू नको, स्वाती बोलन.”

चार वेळा पाण्याचं विचारणारा प्रफुल आता फरशीकडे बघत होता. स्वातीचं रडणं थांबलं. पाण्याचा आळ तिने पचवला असता. मोटरसायकलचं खोटंही, भांडून का होईना, विसरली असती. तिने आपल्या तळहातांकडे पाहिलं. कालच्या तेलाचा वास अजून गेला नव्हता.

“तुमाले ठाऊक होतं,” ती नवऱ्याला म्हणाली. “अन् तरी तुमी रोज तेल गरम करून माह्या हातात देत होते.”