मापाचं ब्लाऊज

मापाचं जुनं ब्लाऊज नसीमभाभींच्या हातात देऊन हेमांगी वळली, तर समोर एक जाडसर, थकलेली बाई उभी.

"आधी यांचं होऊ दे, मी थांबते."

"कुणाचं, ताई?" मशीनवरून उठत भाभी म्हणाल्या. "दुकानात आपण दोघीच आहोत."

हेमांगीनं हात वर केला. त्या बाईनंही केला. आरसा होता तो, साधा काचेचा.

तिच्या घरचा आरसा इस्पितळानं दिलेला. छातीच्या कॅन्सरनंतर बायका खचू नयेत म्हणून तो आजाराआधीचं शरीर दाखवायचा. वर्षभर हेमांगी त्यातच बघत होती. औषधांनी वाढलेलं अकरा किलो वजन आणि डावीकडची सपाट छाती तिनं आरशात कधी पाहिलीच नव्हती. कपडे घट्ट झाले की धुऊन आटले असतील, असं म्हणायची.

भाभींनी जुनं ब्लाऊज तिच्या पाठीला लावून पाहिलं. "हे माप चालायचं नाही. अंगावरून घेऊ?"

"घ्या," हेमांगी आरशाकडे बघत म्हणाली. "तिचं घ्या."

भाभींनी हेमांगीभोवती टेप गुंडाळली. आरशात ती टेप त्या बाईच्या छातीवर बसली. टेपचं गार टोक मात्र हेमांगीला लागलं, आणि काटा दोघींच्या दंडांवर उठला.