उस्तादांची पसंती

"बिजू कॉकटेल कर," स्टुलावर टेकत उस्ताद म्हणाले. "आणि घाई नको."

बार उघडायला अजून तासभर होता. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, दुपारचं ऊन थेट काउंटरवर आलेलं. मालकीणबाई हाताची घडी घालून बाजूलाच उभ्या होत्या. गेल्या आठवड्यात दोन गिऱ्हाइकांनी ग्लास परत पाठवले होते, आणि बाई काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्यांनी याच काउंटरवरून निवृत्त झालेल्या, बारवाल्याला घडवणाऱ्या उस्तादांनाच बोलावणं धाडलं. उस्ताद हो म्हणाले तर काउंटर बारवाल्याकडे राहणार, नाही म्हणाले तर उद्यापासून दुसरा माणूस.

बारवाल्याला वास येणं बंद होऊन तीन आठवडे झाले होते. ताप गेला तो नाक घेऊनच गेला. घरी दूध करपून भांडं काळं झालं तरी हा बाजूलाच पेपर वाचत बसलेला. "सांगून टाका हो बाईंना," बायको म्हणाली होती. सांगतो कसला! ज्या नाकावर घर चालतं ते गेलं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

त्यानं जिन घेतली, गोड व्हर्मूथ वाइन घेतली, आणि ते हिरवं लिकर. शंभरेक वनस्पतींचा अर्क तो. एरवी बूच निघालं की ओल्या गवतापासून लवंगेपर्यंत सगळं त्याला वेगवेगळं ओळखू यायचं. आज बाटलीत रंगीत पाणी असतं तरी फरक पडला नसता. मापानं काय, कुणीही ओतेल. पण उघडी राहिलेली व्हर्मूथ उतरलीय की नाही, हे नाकालाच विचारावं लागतं.

लांब चमच्यानं त्यानं बर्फात ढवळलं, काडीनं थेंबभर जिभेवर घेतला, नेहमीसारखी मान डोलावली आणि ग्लास पुढे सरकवला.

उस्तादांनी घोट तोंडात घोळवला. डोळे मिटले.

"व्वा!" उस्ताद म्हणाले.

"बघू मला," म्हणत मालकीणबाईंनी हात पुढे केला. उस्तादांनी ग्लासावर तळवा ठेवला.

"बाई, माझं उष्टं कशाला? नवा मागवा हवा तर. हा मला निवांत पिऊ द्या." आणि खरंच निवांत, घोटाघोटाला मान हलवत, त्यांनी तो तळापर्यंत संपवला. "हात सोन्यासारखा आहे याचा. सोडू नका."

बाईंचा चेहरा उजळला. त्या फोन करायला आत गेल्या.

"कधीपासून वास येत नाही?" उस्तादांनी हळूच विचारलं.

त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. "तीन आठवडे. तुम्हाला चवीवरून कळलं?"

"चवीवरून कुठलं! काडी तोंडात घातलीस आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिलास. मीही तुझ्या चेहऱ्याकडे तसाच बघायचो. शेवटची नऊ वर्षं."

बारवाल्याला आता आठवलं. उस्ताद प्रत्येक ग्लास गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी त्याच्यापुढे धरायचे. आधी तू चाख, म्हणायचे. ते आपल्याला शिकवताहेत असं समजून हा त्या नऊ वर्षांत छाती फुगवून फिरला होता.

"ऐकलंत का?" आतून मालकीणबाईंनी हाक दिली. "संध्याकाळच्या पार्टीत बाराही जणांना हेच द्यायचं, असंच्या असं!"

"उस्ताद," बारवाल्यानं घाईघाईनं विचारलं, "पण आज झालं होतं कसं?"

"मला रे काय ठाऊक?" उस्ताद म्हणाले. "म्हणून तर सगळं संपवलं."